दोन दारांमधला कोल्ला

कौसल्याबाईंच्या दाराबाहेर चपलांचे दोन जोड होते. एक त्यांचा नेहमीचा, टाचेकडे झिजलेला. दुसरा पिवळ्या पट्ट्यांचा, नवा. चारुलताबाईंनी आपल्या दाराच्या भिंगातून तो पाहिला, डोळा मागे घेतला, आणि काही निमित्त नसताना पुन्हा लावला. पिवळे पट्टे जागचे हलले नव्हते.

मनीषनगरातल्या त्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ही दोन दारे समोरासमोर आहेत. निवृत्त होताना दोघींनी हे फ्लॅट ठरवून घेतले होते. चारुलताबाईंनी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. लग्न केले नाही. कोणी कारण विचारलेच तर ‘राहून गेलं’ एवढेच त्या म्हणत, आणि ते अशा सुरात म्हणत की विचारणाऱ्याला स्वतःचेच काही राहून गेल्यासारखे वाटे. कौसल्याबाई कुहीकडच्या धानशेती करणाऱ्या घरातल्या. शाळेत मराठी शिकवीत त्यांनी नवऱ्याच्या बदल्यांबरोबर अर्धा विदर्भ पालथा घातला. नवरा गेला, मुलगा परदेशी स्थिरावला, आणि त्या नागपूरला परतल्या त्या थेट मैत्रिणीच्या दारासमोर. म्हणजे चारुलताबाईंच्या हिशेबी, जिथे यायला हव्या होत्या तिथेच.

दोघींची ओळख वसतिगृहातली. त्या काळात सीताबर्डीच्या फुटपाथवर त्यांनी पैसे जमवून एक जुना मराठी शब्दकोश विकत घेतला होता. त्याची पुठ्ठ्याची पाठ तेव्हाच फाटलेली होती. कोशावर कोणीच आपले नाव घातले नाही. तो काही महिने एकीकडे, काही महिने दुसरीकडे राहावा असा अलिखित करार झाला. कौसल्याबाईंच्या लग्नानंतरही तो मोडला नाही. कोश एस.टी.ने, आल्या-गेल्याच्या पिशवीतून, एकदा तर संत्र्याच्या पेटीतून प्रवास करीत राहिला.

त्याची दुरुस्ती हा त्या दोघींचा वार्षिक विधी होता. पहिल्या उन्हाळ्यात चारुलताबाई कुहीकडच्या त्या गावी राहायला गेल्या, तेव्हा कौसल्याबाईंची आई कुरडया करीत होती. भिजवून आंबवलेला गहू वाटून त्याचा चीक काढलेला, वरचे पाणी ओतून टाकलेले, आणि चुलीवर मोठे पातेले. पातेल्यात मीठ पडण्याआधी तिने वाटीभर कच्चा चीक बाजूला काढला, पाण्यात ढवळून शिजवला, त्यात किडीला मारक म्हणून चिमूटभर मोरचूद घातले आणि म्हणाली, “तुमचं ते पुस्तक आना.” त्या खळीने कोशाची पाठ पहिल्यांदा बसली. पुढे दर उन्हाळ्यात कुरडयांचा चीक निघाला की बिनमिठाची पहिली वाटी कोशाची. गेल्या वर्षीची खळ ओल्या फडक्याने मऊ करायची, हलक्या हाताने सोडवून घ्यायची, नवी लावायची. शास्त्र चारुलताबाई सांगत: स्टार्चची खळ पाण्याने लागते आणि पाण्यानेच सुटते, म्हणून कागदाला इजा होत नाही. हात मात्र कौसल्याबाईंचा हलका. पहिल्या वर्षीची ती आई सोडली, तर या कामात तिसरे माणूस कधीच नव्हते.

निवृत्तीनंतर दोघी मिळून एका अनियतकालिकात शब्दांच्या कुळकथा लिहू लागल्या होत्या. शास्त्रातले, परभाषेतून आलेले शब्द चारुलताबाईंकडे. मराठीची बाजू आणि सगळ्या वाक्यांची घडण कौसल्याबाईंकडे. खाली दोन नावे. या खेपेस चारुलताबाईंनी ‘कोल्ला’ हा ग्रीक शब्द घेतला होता. वर्गात कलिल द्रावण शिकवताना, म्हणजे ज्याला इंग्रजीत कोलॉइड म्हणतात ते, त्यांच्या तोंडून या शब्दाचे पिल्लू हजारदा गेले होते. आता त्याच्या आईचा शोध घ्यावा, असे त्यांच्या मनात होते.

शोध त्यांनी नेटाने घेतला. कोल्ला म्हणजे चिकटवण्याचे द्रव्य, मुख्यतः सरस. बैलाच्या कातड्यापासून काढलेला तो ताउरोकोल्ला, माशाच्या फुग्यापासूनचा तो इख्थ्योकोल्ला. सोन्याचे सांधे जुळवायला ग्रीक सोनार जे द्रव्य वापरीत ते ख्रिसोकोल्ला. आजही एका हिरव्या-निळ्या खनिजाने हे नाव वागवले आहे. पपायरसच्या गुंडाळीला अग्रभागी जे पहिले पान चिकटवलेले असे ते प्रोटोकोल्लोन, आणि तिथून मजल दरमजल करीत राजशिष्टाचाराचा प्रोटोकॉल. कातडे आणि हाडे उकळली की ज्यापासून सरस निघतो ते कोलॅजन. म्हणजे आपण सगळे आपापल्या सांध्यांत ग्रीक शब्द घेऊन वावरतो. शब्दाच्या मुळाविषयी मात्र अभ्यासकांत पुरते एकमत नाही. स्लाव भाषांतला ‘क्लेय’, म्हणजे सरसच, त्याचा चुलतभाऊ असावा असे बरेच जण मानतात. संस्कृतात या घराण्याचा विश्वासार्ह वारस सापडत नाही. आपली ‘खळ’ ओढूनताणून त्या वंशावळीत बसवण्याचा मोह चारुलताबाईंना एका दुपारी झाला होता. तो त्यांनी कठोरपणे आवरला आणि आवरल्याचा अभिमानही बाळगला.

हे सगळे त्या कौसल्याबाईंना वाचून दाखवणार, इतक्यात वैभवी आली.

वैभवी तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली, चाळिशीतली. वडील कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे अडते होते. नवरा जहाजांच्या कंपनीत, त्यामुळे लग्नानंतरची बरीच वर्षे तिने ग्रीसमध्ये, पिरेअस बंदराच्या गावी काढली होती. भाजीवाल्यांशी, शेजारणींशी, मुलीच्या शाळेशी झगडत ती तिथली भाषा शिकली. व्याकरण विचाराल तर तिला सांगता येत नसे. ती चौथ्या मजल्यावर पहिल्यांदा आली ती विरजण मागायला. दुसऱ्यांदा वाटी परत करायला. मग निमित्ते संपली, आणि येणे तेवढे सुरू राहिले. कौसल्याबाईंनी तिच्याकडून ग्रीक अक्षरे गिरवायला घेतली. या वयात! चारुलताबाईंनी एकदा त्यांना जपानी शिकू या म्हटले होते, तेव्हा ‘आता नोको वं, डोक्स्यात जात नाही’ म्हणून उडवून लावणाऱ्या याच कौसल्याबाई.

त्या दिवशी भिंगाला लावलेला डोळा काढून चारुलताबाईंनी आपला मजकूर उचलला आणि समोरचे दार ठोठावले.

“ये वं चारू, तुहीच वाट पाहून राहिलो होतो,” कौसल्याबाई म्हणाल्या. त्या ‘राहिलो’मध्ये दोघी होत्या. चारुलताबाईंनी तो अनेकवचनी प्रत्यय मनात टिपून ठेवला.

त्या वाचू लागल्या. ताउरोकोल्ला झाला, ख्रिसोकोल्ला झाला. कौसल्याबाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर मधूनमधून वैभवीकडे जात होती, जणू खरे-खोटे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. स्लाव चुलतभावापर्यंत मजकूर आला, तशा त्या मध्येच म्हणाल्या, “हे सारं पटलं. पन आता काय करतेत ते लोक या शब्दाचं? वैभवी, सांग वं हिले ते तुहं.”

वैभवी संकोचली. “मॅडमचं चालू आहे ना ताई, होऊ द्या.”

“सांग म्हनतो ना मी!”

“काही विशेष नाही, मॅडम. तिकडं आता ‘कोला’ म्हणतात. डिंकालाही, आणि कागदाच्या सुट्या तावालाही. सर्दी झाली तरी क्रियापद हेच, सर्दी ‘चिकटली’. एखादा माणूस बायांच्या फार मागं लागला, तरी चिकटला. आणि अगदी जिवाभावाची मैत्रीण असली ना, तर ‘कोलिती मू’. म्हणजे माझी चिकटलेली. माझी शेजारीण होती तिथली, कातेरिना, ती मला असं म्हणायची. सुरुवातीला मला राग यायचा. वाटायचं, मी काय हिच्या गळ्यात पडले की काय!”

कौसल्याबाई खळखळून हसल्या. “बाप्पा! चिकटलेली मैत्रीन! काय गोड शब्द हाये वं.”

“मूळ रूप कोल्लेतोस,” चारुलताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला झाला होता. “सांधे बसवलेला, घट्ट जोडकाम केलेला. प्राचीन काव्यात ते रथाचं विशेषण आहे. दाराचंही.”

“रथ गेले ना वं आता,” कौसल्याबाई हसतच म्हणाल्या. “मैत्रिनी राहिल्या.”

वाक्य साधे होते, आणि चारुलताबाईंना माहीत होते की लेखाचा शेवट त्यांना सापडत नव्हता तो हाच. तो त्यांच्या मजकुरातून निघाला नव्हता, हे त्यांना सोसवत नव्हते. महिनाभर त्यांनी ज्या शब्दाची नखे, हाडे, कातडे तपासले, त्या शब्दाचा श्वास दुसऱ्या कोणीतरी विरजणाच्या वाटीबरोबर आणून दिला होता. आणि ‘चिकटलेली मैत्रीन’ म्हणताना कौसल्याबाईंनी हात कोणाच्या खांद्यावर ठेवला होता? पिवळ्या चपलांच्या मालकिणीच्या. तो हात तिथे सहज पडला असेल. सहज पडला म्हणूनच तर त्याचे दुःख होते.

कौसल्याबाईंना यातले काही दिसले नसावे, कारण पुढचे त्या अगदी खुशीत बोलल्या. “चारू, मी काय म्हनतो, लेखावर वैभवीचंही नाव टाकू. अन् परवाच्या कुरडयाले हिलेही बोलावलं मी. कोशाची खळ कशी करतेत ते हिले पाहाचं हाये. कोश हिच्याचकडे हाये तसाही, ग्रीकाले जुळते मराठी शब्द धुंडून राहिली बिचारी.”

“कोश हिच्याकडे आहे?”

“परवा नेला. काहून?”

“काही नाही,” चारुलताबाई म्हणाल्या. “असू दे.”

त्या आपल्या घरी आल्या. कूलर घरघरत होता. बाहेर वैशाखाचे ऊन भिंतींना तापवीत होते. माणूस या वयात मत्सर करतो तो तरुणपणीपेक्षा अधिक काटेकोरपणे करतो, कारण त्याच्यापाशी वेळ असतो आणि पुरावेही पुष्कळ जमलेले असतात. कौसल्याबाई वैभवीला ‘तुहं’ म्हणाल्या होत्या. कोश विचारल्यावाचून दिला होता. आपल्या आईची वाटी, आपल्या दोघींची वाटी, त्या तिसरीला दाखवणार होत्या. नावाचे काय एवढे? नाव टाका. पण ती खळ नको. चारुलताबाईंना आपल्या मनाचा तळ स्पष्ट दिसला: त्या दिवशी ओल्या फडक्याने पाठ मऊ होत असताना वैभवी शेजारी बसलेली असेल, कौसल्याबाई तिचा हात धरून ‘असं, हळूच’ म्हणतील, आणि मग पुढच्या उन्हाळ्यात कोणालाच आठवणार नाही की हे काम कधी दोघींचेच होते.

संध्याकाळी त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या आणि कोश मागून आणला. “थोडं काम आहे,” म्हणाल्या. वैभवीने तो कापडी पिशवीत घालून दोन्ही हातांनी दिला. एवढे जपून देण्याची काही गरज नव्हती, असे चारुलताबाईंना वाटले.

काम झालेलेच असले, तर परवा शिकवायला उरणार काय? त्यांचा विचार इतका सरळ होता. चीक निघायला अवकाश होता, म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून पांढऱ्या गोंदाची बाटली आणली. बाजारातला तो गोंद काय आहे हे त्यांच्याइतके त्या इमारतीत कोणाला ठाऊक नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांना त्यांनी शिकवले होते की असे बहुलक, म्हणजे पॉलिमर, वाळले की त्याचा पडदा होतो, तो पाण्याला दाद देत नाही, आणि ज्याला धरतो त्याच्याहून बळकट होऊन बसतो. जुन्या कागदाला तो घातक. हे सारे त्यांना बाटलीचे झाकण उघडताना आठवत होते. तरीही त्यांनी पाठीवर गोंद लावला, आणि हात थांबेना म्हणून पुन्हा लावला. कधी सुटू नये असा. वर जड पुस्तके ठेवून त्या झोपायला गेल्या. नागपूरच्या उन्हाळ्यात कोणतीही गोष्ट वाळायला वेळ लागत नाही.

कुरडयांच्या सकाळी गच्चीवर ऊन चढायच्या आत पांढरी धोतरे अंथरून झाली होती. कौसल्याबाईंनी चीक आधीच घोटायला घेतला होता. वैभवी पदर खोचून पातेल्यातले उलथणे फिरवीत होती आणि घामाने निथळत होती. चारुलताबाई कोश घेऊन वर आल्या.

“आली का वं! थांब, तुहीच वाट होती. हे पाय, बिनमिठाची वाटी काढून ठेवली.” कौसल्याबाईंनी झाकलेली वाटी पुढे केली. “वैभवी, इकडं ये. फडकं ओलं कर.”

“लागणार नाही,” चारुलताबाई म्हणाल्या. “मी करून टाकलं यंदा.”

“करून टाकलं?” कौसल्याबाईंनी हात पुसले. “कायनं? चीक तर आत्ता निघून राहिला.”

उत्तराची वाट न पाहता त्यांनी कोश हातात घेतला. पाठीवरून बोट फिरवले. बोटाला ती काचेसारखी गुळगुळीत लागली असावी, कारण त्यांच्या कपाळावर आठी आली. नेहमीच्या सवयीने त्यांनी कोश मधोमध उघडला. तो उघडेना. त्यांनी किंचित जोर केला. कट्, असा कोरडा आवाज झाला. पाठ शाबूत होती. गोंदाच्या कडेने कागदच मोडला होता. कोशाचे दोन तुकडे कौसल्याबाईंच्या दोन हातांत आले, आणि आतला कणीदार पिवळा चुरा चिकाच्या वाटीच्या झाकणावर पडला.

पातेल्यात बुडबुडे फुटत होते.

“हे तू केलं?” कौसल्याबाई म्हणाल्या.

“हो.”

“केमिस्ट्रीची मास्तरीन ना तू! तुले समजत नव्हतं, याचं काय होईन ते?”

“समजत होतं.”

“मंग काहून?”

चारुलताबाईंना वाटले होते, असा प्रश्न आलाच तर आपण कोशाची अवस्था, वेळेची निकड असे काहीतरी सांगू. तोंडातून भलतेच निघाले. “तू हिला शिकवणार होतीस. आपली खळ. म्हणून.”

वैभवीने उलथणे थांबवले. “मी पाणी घेऊन येते,” म्हणाली आणि जिना उतरून गेली. पाणी भरलेली बादली तिथेच, तिच्या पायाशी होती.

कौसल्याबाई दोन तुकडे मांडीवर घेऊन धोतरावर बसल्या. मग म्हणाल्या, “माही माय गेली त्याच्यानंतर मी एकटीनं कुरडया कधीच केल्या नाही. तुले ठाव हाये. तुह्यावाचून मले चीक घोटता येते, पन करू वाटत नाही. इतकं सांगा लागते का वं तुले? या वयात? आँ?” त्यांचा आवाज चढला. “अन् हे पुस्तक निम्मं माहं होतं. माह्या निम्म्याले विचारलं का तू? कोल्ला कोल्ला करून राहिली महिनाभर, अन् स्वतःच चिकटवून बसली येड्यावानी!”

“तूही विचारलं नाहीस. हिला देताना.”

कौसल्याबाईंनी मांडीवरच्या तुकड्यांकडे पाहिले. “नाही विचारलं,” त्या म्हणाल्या. “खरं हाये.”

खालून जिन्यावर वैभवीची पावले वाजली. ती वर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा लहानसा लोटा होता, आणि कोणीच तो मागितला नाही.

“बस वैभवी,” कौसल्याबाई म्हणाल्या. “आता याच्या दोन पाठी करा लागन. एक पाठ मी करतो, एक चारू करन. तू फडकं धर, दोघीले.” त्यांनी पहिला तुकडा आपल्याकडे ओढला, तो ‘अ’पासून ‘न’पर्यंत होता. दुसरा चारुलताबाईंच्या मांडीवर ठेवला. “हे माहं, हे तुहं. आता इकडचा तिकडं जानार नाही. मले ‘म’ पाहाचा असन त तुह्या दारी येईन. तुले ‘क’ पाहाचा असन त तू ये. झालं?”

“आणि हिला?” चारुलताबाईंनी विचारले. प्रश्नाला धार होती, आणि ती त्यांनी लपवली नाही.

कौसल्याबाईंनी चाळून पाहिले आणि अनपेक्षितपणे हसू लागल्या. “हिचा ‘व’ तुह्यात गेला वं! वैभवी, तुले आपलं नाव पाहाचं असलं त हिच्याचकडे जा लागन. मी काही करू शकत नाही.”

वैभवी हसावे की नाही या विचारात ओले फडके धरून उभी होती. चारुलताबाईंनी तिला बसायची खूण केली. गोंदाचा कडक पापुद्रा सुटता सुटत नव्हता. नखांनी, सुरीच्या टोकाने तो खरवडून काढावा लागला. त्याबरोबर कागदही जात होता. काही पानांच्या आतल्या कडेचे शब्द कायमचे गेले. चारुलताबाई प्रत्येक गेलेला शब्द मोठ्याने वाचीत होत्या, म्हणजे ज्याचे जेवढे अक्षर उरले होते तेवढे, आणि कौसल्याबाई तो पुरा करीत होत्या. वैभवीला मध्ये पडण्यासारखे काही नव्हते, आणि ती पडलीही नाही. वाटीतली खळ शिजून पारदर्शक झाली, तेव्हा कुरडयांचा घाणा खाली लागल्याचा वास आला आणि तिघी एकदम उठल्या. साच्यातून पाडलेल्या कुरडयांत वैभवीच्या सगळ्यांत गोल आल्या. चारुलताबाईंनी ते पाहिले.

लेख त्याच आठवड्यात संपादकांकडे गेला. शेवटच्या परिच्छेदात रथ होते, सर्दी होती, आणि चिकटलेली मैत्रीण होती. खाली नावे तीन होती. तिसरे कौसल्याबाईंच्या हाताने लिहिलेले. चारुलताबाईंनी त्यात एवढाच बदल सुचवला की नावे अकारविल्हे असावीत. तसे केले की वैभवीचे शेवटी जात होते, आणि त्यांचे स्वतःचे कौसल्याबाईंच्या लगेच नंतर येत होते.

पुढे एका दुपारी चारुलताबाईंची घंटी वाजली. दारात वैभवी.

“मॅडम, ‘विरजण’ पाहायचं होतं. कातेरिनाला फोनवर समजावून सांगतेय, पण शब्द कुठून आला ते तिला पाहिजे. त्या लोकांना सगळ्याचं मूळ पाहिजे असतं.”

चारुलताबाईंनी तिला क्षणभर दारातच उभे ठेवले. मग बाजूला झाल्या. “या. पंख्याखाली बसा. चहा घ्याल ना?”

वैभवी आत गेली. दार लावण्याआधी चारुलताबाईंनी समोर पाहिले. कौसल्याबाईंचे दार बंद होते. दुपारची झोप अजून व्हायची असावी. उठल्यावर त्या नेहमीप्रमाणे दूध घ्यायला दार उघडतील. चारुलताबाई खाली वाकल्या. पिवळ्या पट्ट्यांच्या त्या चपला पायपुसण्याच्या आडोशाला गेल्या होत्या. त्यांनी त्या बोटांनी पुढे सरकवल्या, आपल्या चपलांच्या अगदी शेजारी, समोरच्या दारातून नीट दिसतील अशा.

मग त्यांनी दार लावून घेतले आणि चहाला आधण ठेवले.